औषध आणि उपासना

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनासारख्या आनंदाच्या प्रसंगी कर्करोगाचे नाव काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल, याची मला जाणीव आहे. या रोगाचे नाव उच्चारण्याचाही आपल्याकडे प्रघात नाही. ‘गाठ आली आहे’, ‘तोंडाचे दुखणे आहे’, ‘ते दुसरे निघाले’ अशा आडवळणाच्या शब्दांनी आपण तो झाकून ठेवतो. परंतु ज्याच्या नात्यागोत्यात या रोगाने कोणी अंथरूण धरले नाही, असे घर आज या सभागृहात क्वचितच असेल. जे घरोघर कुजबुजत बोलले जाते ते एकदा चारचौघांत मोकळेपणाने बोलावे, म्हणून मी आपणांसमोर उभा आहे.

मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे, कीर्तनकार तर नव्हेच नव्हे. शिक्षकी पेशातून मोकळा झाल्यावर आपल्या पूर्व भागातील रुग्णांस मुंबईस घेऊन जाण्याचे काम हळूहळू माझ्या अंगावर पडले, आणि ते मी यथाशक्ती करीत आलो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठावी, पहाटे दादरला उतरावे आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात केस-पेपर घेऊन रांगेत बसावे, हा क्रम आता अंगवळणी पडला आहे. या फेऱ्यांत जे पाहिले, आणि मागाहून जे वाचले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. औषधाच्या सोबतीस आलेली उपासना रुग्णास उपचार शेवटापर्यंत नेण्याचे बळ देते. औषधाच्या जागी बसलेली उपासना त्याचा वेळ खाते. आणि या रोगात वेळ म्हणजेच आयुष्य होय. हे मत मी आपणांपुढे ठेवणार आहे. ते सर्वांस पटावे असा आग्रह नाही. विचार मात्र व्हावा.

आपण मार्कंडेय महर्षींस कुलपुरुष मानतो. नारळी पौर्णिमेस त्यांचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातील माग थांबतात आणि लहानथोर रस्त्यावर येतात. सोळाव्या वर्षी मृत्यू ठरलेला तो मुलगा शिवलिंगास मिठी मारून बसला, यमाचा पाश लिंगावर पडला आणि शंकराने काळास परतविले, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. कोणास दुर्धर व्याधी जडली की घरातील वडीलधारी माणसे हीच कथा सांगतात. “मार्कंडेयास कोणते औषध दिले होते?” असा प्रश्न मला एका वृद्ध गृहस्थांनी विचारला होता. प्रश्न सडेतोड होता. मी त्यांस एवढेच म्हणालो, “मामा, औषध समोर असता त्याने ते लोटून दिले, असे पुराणात कोठे लिहिले आहे?” कथेतील त्या मुलापुढे दुसरा उपायच नव्हता. आपल्यापुढे तो आहे, आणि तोही पुष्कळ अंशी गुण देणारा आहे. तो नाकारून आपण मार्कंडेयाचे अनुकरण करीत नाही.

आपल्या प्राचीनांनीही हा भेद मुळीच कठोरपणे केलेला नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, उपवास, तीर्थयात्रा इत्यादी दैवव्यपाश्रय. आहार आणि औषधद्रव्ये यांची योजना ही युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकर विषयांपासून मन आवरणे हा सत्त्वावजय. तिन्ही एकाच यादीत, शेजारी शेजारी. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे चरकाने म्हटलेले नाही. सुश्रुताची दृष्टी तर शल्यवैद्याची. अर्बुद, म्हणजे गाठ, कापताना तिचा अंश मागे राहिला तर ती पुन्हा वाढते आणि रोग्याचा घात करते, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. आजचा शल्यविशारद गाठीभोवतीचा निरोगी भागही थोडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो, त्यामागे हीच चिंता असते. तेव्हा परंपरा म्हणजे केवळ अंगारा, आणि शस्त्रक्रिया म्हणजे साहेबाची विद्या, ही समजूत अज्ञानमूलक आहे.

आता ज्या गोष्टीने रुग्णाचे काळीज सर्वांत अधिक पोखरले जाते तिच्याकडे वळतो. रोग कळल्याच्या दिवसापासून घरात एक वाक्य फिरू लागते: “कोणत्या जन्मीचे पाप हे!” बोलणारा सहज बोलून जातो. ऐकणारी माउली रात्रभर छताकडे पाहत आपला अपराध शोधीत बसते. मी अशा अनेक माउली पाहिल्या आहेत. त्यांस मी तीन सत्पुरुषांची नावे सांगतो.

श्रीरामकृष्ण परमहंसांस १८८५ साली घशाचा कर्करोग झाला. शिष्यांनी त्यांस दक्षिणेश्वराहून कलकत्त्यात आणले आणि डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांचे औषध सुरू केले. सरकार हे शास्त्राचे कट्टर अभिमानी. त्यांचे आणि परमहंसांचे वाद तासन् तास चालत. तरी औषधही चालू होते आणि भजनही चालू होते. १८८६च्या ऑगस्टमध्ये काशीपूर येथे परमहंसांनी देह ठेवला. दुसरे अरुणाचलाचे रमण महर्षी. त्यांच्या डाव्या दंडावर गाठ उद्भवली, ती दुष्ट निघाली. १९४९ या एका वर्षात तिच्यावर चार वेळा शस्त्रक्रिया झाल्या. देहाविषयी पूर्ण उदासीन असलेल्या त्या पुरुषाने डॉक्टरांस आपला हात शांतपणे दिला. हात समूळ तोडण्याचा सल्ला मात्र मानला नाही. १४ एप्रिल १९५० रोजी ते निजधामास गेले. तिसरे तर आपल्या मराठी मुलखातील. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, ज्यांच्या खंजिरीच्या तालावर खेड्यापाड्यांतील लोक रस्ते झाडू लागले आणि ज्यांच्या ‘ग्रामगीते’त भक्तीबरोबरच गावाच्या आरोग्याचा विचार आहे, ते ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात कर्करोगानेच गेले. त्यांच्यावरही उपचार झाले होते. आज नागपुरास त्यांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे.

या तिघांनीही देह ठेवला, हे मी मुद्दाम लपवीत नाही. साधनेने रोग हटतोच, असे त्यांच्या चरित्रांवरून दाखविता येणार नाही. परंतु दोन गोष्टी निर्विवाद दिसतात. ज्यांच्या पुण्याईविषयी कोणास शंका नाही त्यांसही हा रोग झाला, तेव्हा तो पापाचे फळ आहे असे म्हणण्याची सोय उरली नाही. आणि ईश्वराशी ज्यांचे इतके निकटचे नाते त्यांनीही डॉक्टरांस दार बंद केले नाही.

येथे मला संत गाडगे महाराजांचे स्मरण होते. यात्रेतील घाण खराट्याने झाडीत हिंडणारा तो कीर्तनकार. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, मुलांना शिकवा, हेच त्यांचे कीर्तन. त्यांच्या दशसूत्रीत रोग्यांस औषधोपचार हे एक स्वतंत्र कलम आहे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र कोणत्याही धर्मशाळेत मालकासारखे राहिले नाहीत. १९५६च्या डिसेंबरात ते गेले. त्यांच्या नावाची एक धर्मशाळा मुंबईत दादरला आहे, आणि ती परळच्या रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांच्या उपयोगी पडते. तेथे संध्याकाळी कोणी हरिपाठ म्हणतो, कोणी उर्दूत दुवा मागतो, कोणी बंगाली बाई कोपऱ्यात बसून दुर्गेचे नाव घेते; आणि सकाळी सातला सर्वजण फायली काखेत धरून रुग्णालयाच्या दिशेने चालू लागतात. औषध आणि उपासना यांचा मेळ कसा असावा हे मला कोणी विचारले, तर मी त्यास ग्रंथ दाखविणार नाही. सकाळच्या वेळी त्या धर्मशाळेच्या दारात उभे राहावयास सांगेन.

याविषयी शास्त्रीय पुरावा काय, असे आपल्यातील सुशिक्षित तरुण विचारतील, आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दोन निबंध प्रसिद्ध केले. पहिल्यात त्यांनी असे २८१ रुग्ण घेतले की ज्यांनी बरा होण्याजोगा कर्करोग असूनही शस्त्रक्रिया, किरण व केमो हे सारे सोडून केवळ पर्यायी उपचार पत्करले. रीतसर उपचार घेणाऱ्यांशी तुलना करता त्यांच्या मृत्यूचा संभव अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून अधिक. दुसरा निबंध याहून सूक्ष्म आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने मला तो अधिक मोलाचा वाटतो. रीतसर उपचारांबरोबर इतर पूरक उपाय करणारे जे रुग्ण होते त्यांच्यातही मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. मग त्या पूरक उपायांत विष होते काय? नव्हते. संशोधकांनी खोलात जाऊन पाहिले तेव्हा दिसले की, या मंडळींपैकी अनेकांनी शस्त्रक्रिया नाकारली होती, किंवा केमो वा किरण घेण्याचे टाळले होते. ही टाळाटाळ हिशेबात धरल्यावर पूरक उपायांचा स्वतंत्र दोष ठामपणे दाखविता येईना. घात केला तो उपचार टाळण्याने.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या टाटा रुग्णालयातीलच आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे ८५० स्त्रियांवर तेथे योगाभ्यासाचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२च्या डिसेंबरात अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथील परिषदेत मांडले गेले. योग करणाऱ्या गटाची पुढील स्थिती काहीशी सरस आढळल्याचे संशोधकांनी सांगितले. परंतु वर्तमानपत्राचा मथळा वाचून जे लोक “योगाने कर्करोग बरा होतो” असे सांगत सुटले, त्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. त्या प्रयोगातील दोन्ही गटांस नेहमीचे उपचार दिलेले होते. योग होता तो त्यांच्या जोडीला.

प्रार्थनेविषयीही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. हृदयाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या १८०२ रुग्णांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २००६ साली निघाला. काही रुग्णांसाठी परक्या लोकांनी रोज प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. त्रास उद्भवण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. उलट, “तुमच्यासाठी प्रार्थना चालली आहे” असे ज्यांना निश्चित सांगितले होते त्यांच्यातच त्रासाचे प्रमाण थोडे अधिक, शंभरांत ५९, निघाले. ‘आपली अवस्था इतकी वाईट आहे काय!’ अशी धास्ती त्यांनी घेतली असावी, असा एक तर्क आहे. देवाची परीक्षा तराजूत घालून घेता येत नाही, असे भाविक म्हणतील, म्हणोत. मला या प्रयोगावरून एवढेच सुचते की, दुसऱ्याने दुरून केलेल्या जपापेक्षा रुग्णाने स्वतः केलेला जप वेगळ्या जातीचा असावा. त्याचे काम कोणते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ज्यास आपल्याकडे ‘लाईट घेणे’ म्हणतात, त्या किरणोपचाराचा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे रोज जावे लागते. तोंडाच्या वा घशाच्या रोगात रुग्णाच्या चेहऱ्यावर जाळीदार प्लॅस्टिकचा साचा घट्ट बसवितात आणि तो टेबलास पक्का करतात, कारण डोके केसभरही हलता कामा नये. मग सर्वजण बाहेर जातात, जाड दरवाजा बंद होतो, आणि त्या खोलीत रुग्ण व यंत्र एवढेच उरतात. काम काही मिनिटांचे. दुखत काहीच नाही. परंतु त्या काही मिनिटांच्या भीतीने दोन-तीन दिवसांत उपचार सोडून गावी परतलेले धट्टेकट्टे पुरुष मला ठाऊक आहेत.

आपल्या समाजातील एक वयस्क अक्का, आयुष्यभर विड्या वळलेली, अशाच उपचारास आली होती. पहिल्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा थरथर कापत होती. दुसऱ्या दिवशी तिने तंत्रज्ञास विचारले, “बाबा, हे किती वेळ चालते?” त्याने मिनिटे सांगितली. तिने आपला हिशेब केला: तितक्या वेळात ‘ओम नमः शिवाय’ किती वेळा होते, ते बाकावर बसून बोटांवर मोजून पाहिले. तेव्हापासून ती जप मोजीत आत पडून राही, आणि संख्या पुरी होण्याच्या सुमारास दार उघडे. “आज दोन कमी झाले,” असे ती बाहेर येऊन हसत सांगे. एकही दिवस न चुकविता तिने सारा उपचार पुरा केला. किरणांनी गाठीवर काम केले, हे मी जाणतो. पण ती त्या टेबलावर रोज जाऊन निजली कशाच्या आधारावर, हेही मी जाणतो. किरणोपचारात मध्ये खंड पडला तर रोग आटोक्यात येण्याचा संभव कमी होत जातो, हे डॉक्टर वारंवार सांगतात. तेव्हा एक दिवसही न चुकणे हे स्वतःच एक औषध आहे, आणि ते तिला तिच्या नामाने मिळवून दिले.

याच्या उलट हकीगतही सांगितली पाहिजे. एक कर्ता तरुण, दोन केमो झाल्यावर गाठ हाताला लागेनाशी झाली म्हणून आनंदला. घरच्यांनी हे अनुष्ठानाचे फळ मानले. पुढल्या केमोच्या तारखेस ते सारे कुटुंब एका बाबांच्या मठात एकवीस दिवसांच्या सेवेस बसले होते. चार महिन्यांनी गाठ परतली ती पूर्वीहून मोठी, आणि मग डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरले नव्हते. गाठ दिसेनाशी होणे म्हणजे रोग नाहीसा होणे नव्हे. सुश्रुताने सांगितलेला तो मागे राहिलेला अंश डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ठरलेल्या साऱ्या केमो पुऱ्या कराव्या लागतात. हे त्या घरातील भाविक माणसांस वेळीच कोणी समजावून दिले असते, तर त्यांनी सेवा घरी बसून केली असती आणि तारीखही पाळली असती, अशी माझी खात्री आहे. ती माणसे मूर्ख नव्हती.

उपचार चालू असता धर्माचरणात काही मुरड घालावी लागते, तीही सांगून ठेवतो. केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात आणि शरीराची राखण करणारे बळ घटते. अशा वेळी आषाढीस पंढरपूरच्या गर्दीत शिरणे, चंद्रभागेत स्नान करणे किंवा न उकळलेले तीर्थ घेणे धोक्याचे असते. एकादशी व श्रावणी सोमवारचे कडक उपवास त्या काळात करू नयेत. अन्न पोटात गेले नाही तर औषध सोसत नाही. वारकऱ्याची वारी एका वर्षी चुकली म्हणून विठोबा रागावत नाही. आपल्या घरातील वृद्धांनी हे रुग्णास स्वतः होऊन, आशीर्वादासारखे, सांगावे. कारण डॉक्टरांनी सांगितले तर तो ऐकतो, पण त्याच्या मनातील खंत जात नाही. कोणी काढा, भस्म वा पुडी दिली तर ती डॉक्टरांस दाखविल्यावाचून घेऊ नये, कारण केमो आणि काढा या दोहोंचा भार एकाच यकृतावर पडतो. आणि केमो चालू असता अंगात ताप भरला, तर तो अंगाऱ्याने उतरण्याची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

आता विलंबाविषयी. आपला जिल्हा यात देशास धडा देणारा ठरला आहे, हे फार थोड्यांस माहीत असते. बार्शीस नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली तेथे बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठी अशी नोंद ठेवणारी ती भारतातील पहिली. ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. तेथील कार्यकर्ते कागद घेऊन केवळ रुग्ण मोजीत बसले नाहीत. ते गावोगाव जाऊन, पारावर बसून, कोणती लक्षणे दिसली असता यावे ते सांगत राहिले. काही वर्षांतच गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दाखल होऊ लागल्या आणि जगणाऱ्यांची संख्या सुधारली. नवे औषध आले नव्हते. बायका लवकर येऊ लागल्या, इतकेच.

पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्यास आता धाराशिव म्हणतात, बार्शीच्या व टाटांच्या रुग्णालयांनी लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेसह तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटातील सुमारे ३४ हजार स्त्रियांस विषाणूची एकच तपासणी देऊ केली. दुसऱ्या गटातील साडेएकतीस हजारांस नेहमीच्या व्यवस्थेवर सोडले होते. आठ वर्षांनी पाहता पहिल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले होते, दुसऱ्यात ६४. आयुष्यात एकदा झालेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्याने उतरले. २००९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. ज्वारीच्या शेतात राबणाऱ्या आपल्या शेजारणींनी जगास हे शिकविले. आणि त्यांच्यापासून दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्या घरांतील किती स्त्रियांनी ही तपासणी करून घेतली आहे, असा प्रश्न मी विचारतो.

आपल्या घरांची गोष्ट निघाली, तेव्हा तंबाखूस वगळता येत नाही. तेलंगणातून आपले पूर्वज मागावर बसण्यासाठी सोलापुरास आले. गिरण्या गेल्या, चादरीचा धंदा कधी चढला, कधी पडला. त्या पडत्या काळात हजारो घरे आपल्या बायकांच्या सुपातील विड्यांवर तगली. त्या सुपाचा अपमान माझ्या तोंडून होणार नाही. परंतु विडी वळणारी अक्का त्याच तंबाखूची मिश्री भाजून दिवसातून चार वेळा दातांस लावते, आणि २०१२ पासून गुटख्यावर बंदी असताही तो आपल्या तरुणांच्या खिशात सापडतो, हे आपण सर्वजण पाहतो. निसर्गदत्त महाराजांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांचे सद्गुरू सिद्धरामेश्वर महाराज आपल्याच जिल्ह्यातील पाथरीचे. निसर्गदत्त मुंबईत विड्यांचे दुकान चालवीत आणि स्वतः विडी ओढीत. देशोदेशींचे जिज्ञासू त्यांच्या माळ्यावर येऊन बसत. १९८१च्या सप्टेंबरात घशाच्या कर्करोगाने ते गेले. आत्मज्ञानाने धुराचा गुण बदलत नाही, एवढाच अर्थ मी यातून घेतो. त्यांच्या अधिकाराविषयी बोलण्याची माझी योग्यता नाही.

परंतु माझ्या पाहण्यात विलंबाचे सर्वांत मोठे कारण अंगारा नव्हे आणि अज्ञानही नव्हे. ते कारण आहे लग्न. घरात मुलगी लग्नाची आहे, तेव्हा आईच्या छातीतील गाठीची वार्ता फुटता कामा नये. मुलीचे हात पिवळे झाले की मग पाहू. या ‘मग पाहू’मध्ये आठ-दहा महिने सहज जातात. त्या महिन्यांत ती बाई सोळा सोमवार करीत असते, आणि आपण तिच्या श्रद्धेचे कौतुक करीत असतो. प्रत्यक्षात व्रत हा तिचा आडोसा असतो. उघडपणे दवाखान्यात जाण्याची तिला मुभाच नसते. हा रोग स्पर्शाने लागत नाही. शंभरांत पाच-दहाच्या बाबतीतच तो वंशातून येतो. तरीही ‘त्या घरात कॅन्सर आहे’ या चार शब्दांनी सोयरीक मोडते, आणि ती मोडणारे परके लोक नसतात; आपणच असतो. आपली ज्ञातिसंस्था वधू-वरांची नोंद ठेवते. म्हणून हा दोष दूर करण्याचा अधिकारही आपल्याच हाती आहे.

याकरिता माझी सूचना अशी आहे. नारळी पौर्णिमेच्या रथोत्सवापूर्वीच्या आठवड्यात तीस वर्षांवरील भगिनींची तपासणी आणि तंबाखू खाणाऱ्या सर्वांच्या तोंडाची पाहणी संस्थेच्या इमारतीत व्हावी. त्यासाठी डॉक्टरांस निमंत्रण द्यावे आणि कोणाच्याही तपासणीचा निकाल तिच्या वा त्याच्यावाचून इतरांस कळू नये अशी व्यवस्था ठेवावी. पंधरा दिवस-तीन आठवडे न भरणारी तोंडातील जखम, पांढरा वा तांबडा चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, स्तनातील गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, यांपैकी काही असेल तर रथोत्सवाची वाट न पाहता आजच यावे. नऊ ते चौदा वयाच्या मुलींस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचविणारी लस पुण्याच्या सीरम संस्थेने २०२३ पासून उपलब्ध केली आहे. तिची माहितीही त्याच वेळी मातांस द्यावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात, परंतु कागदपत्रांच्या धास्तीने कित्येक कुटुंबे घरातील दागिना आधी मोडतात. तेव्हा त्या कामाचा जाणकार एक मनुष्य संस्थेने नेमावा.

रुग्णासोबत बार्शीस किंवा मुंबईस जाऊ शकतील अशा सोबत्यांची एक यादी कार्यालयात ठेवावी, ही माझी शेवटची विनंती. सोबत्यास वैद्यक येण्याची गरज नाही. रांगेत बसता यावे, तारखा लिहून ठेवता याव्यात, आणि रुग्णास भजन आवडत असेल तर गाडीत त्याच्याबरोबर दोन अभंग म्हणता यावेत, एवढे पुरे. ही सूचना मी कार्यकारी मंडळाकडे लेखी दिलेली आहे. यादीची वही आजपासून कार्यवाहांच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या ओळीवर माझे नाव आहे, दुसरी रिकामी आहे.